खाऊची पिशवी भरली. बाकीच्या तयारीचे काय?

मुंबईच्या विमानतळावर रात्री बँकॉक, सिंगापूर किंवा बालीला निघालेल्या प्रवाशांची रांग पाहिली, तर त्यातील मराठी कुटुंब पिशव्यांवरून ओळखता येते. चिवडा, भाकरवडी, दशम्या, गूळपोळ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे आणि वर उकळते पाणी ओतले की तयार होणारी पोह्या-उपम्याची पाकिटे. तिकडचे अन्न तोंडाला लागेल का आणि पोट बिघडणार नाही ना, या दोन चिंता प्रवासाच्या तयारीत सर्वांत वरच्या असतात. सहल कंपन्यांनाही हे पक्के ठाऊक असते. त्यांच्या जाहिरातींत सोबत येणाऱ्या महाराजांचा आणि पुरणपोळीच्या जेवणाचा उल्लेख ठळक टाइपात असतो. लसी कोणत्या घ्याव्यात, विम्यातून काय वगळले आहे, रात्री-अपरात्री कोणी आजारी पडल्यास कोठे न्यायचे, याविषयीची माहिती असलीच तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडने आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये मलेशियाने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश देण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून या देशांची वाट अधिकच सोपी झाली. पूर्वी वर्षभर आधी ठरणारी परदेशवारी आता जोडून आलेल्या सुट्यांवर आठ दिवसांत ठरते. साहजिकच तयारीचा काळही आखडला. डॉक्टरांचा सल्ला प्रवासापूर्वी चार ते सहा आठवडे घ्यावा, असे सांगितले जाते, कारण लसींचा परिणाम होण्यास तेवढा अवधी लागतो. प्रत्यक्षात औषधांच्या दुकानात जाणे होते ते बहुधा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी.

परदेशात मरण पावणाऱ्या प्रवाशांमध्ये हृदयविकार आणि अपघात हीच दोन ठळक कारणे आढळतात. संसर्गजन्य रोगांचा वाटा त्या मानाने लहान असतो. प्रवासवैद्यकात ही गोष्ट जुनी आणि सर्वमान्य आहे. म्हणजे पिशवीतील तयारी एका बाजूला आणि खरा धोका दुसऱ्या बाजूला, असे होते.

पोटाच्या बाबतीत भारतीय प्रवाशाला एक गोड गैरसमज असतो. ‘आपण सगळे पचवलेले आहे, आजारी पडतात ते गोरे,’ हे वाक्य सहलीत एकदा तरी ऐकू येतेच. मागच्या पिढीपुरते त्यात काही तथ्य होते. दूषित पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ए’ ही कावीळ पूर्वी बहुतेकांना बालपणीच, नकळत होऊन जाई आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जाई. शहरी घरांत गाळण्याची यंत्रे आली, बाटलीबंद पाण्यावर मुले वाढली आणि ती नैसर्गिक प्रतिकारशक्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. हाच रोग प्रौढ वयात झाला तर अधिक तीव्र होतो. पुण्या-मुंबईतील पंचविशीच्या तरुणाने त्यामुळे आजोबांच्या पोटाचा दाखला देऊ नये. ‘हिपॅटायटिस ए’ आणि विषमज्वर यांच्या लसी घेतलेल्या बऱ्या. बाकी नियम घरचेच आहेत. गरमागरम शिजवून समोर वाढलेले खावे, चिरून ठेवलेली फळे टाळावीत, बर्फाबद्दल शंका असल्यास तो नको म्हणावे. जुलाब लागलेच तर पहिले औषध म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने हजारोंचे प्राण वाचवले. त्याची पाकिटे चिवड्याइतकीही जागा घेत नाहीत.

आता पिशवीत नसलेल्या गोष्टींकडे वळू. बालीतील उबुड येथील माकडांचे वन हे जवळजवळ प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमात असते. तेथील माकडे माणसाला सरावलेली आहेत. ती खांद्यावर चढतात, चष्मा पळवतात, पिशवी हिसकावतात, आणि विरोध केल्यास चावतात किंवा ओरबाडतात. माकडांबरोबर रस्त्यावरची कुत्रीही आहेतच. बाली बेट २००८ पर्यंत रेबीजमुक्त मानले जात असे. त्या वर्षी बेटाच्या दक्षिणेकडील भागात हा रोग शिरला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. हजारो कुत्र्यांना लसी देण्यात आल्या, तरी तो पुरता हटलेला नाही. थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस, फिलिपिन्स, नेपाळ या देशांतही तो आहे. जपान आणि सिंगापूर मात्र १९५० च्या दशकापासून त्यापासून मुक्त आहेत.

भारतीय माणसाला रेबीज नवा नाही. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश एकट्या भारतातील. तरीही परदेशात ओरखडा उठल्यावर तो हसण्यावारी नेला जातो. याचे एक कारण असे, की चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पिढीच्या मनात पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार केली जात असे. तिचे उत्पादन भारतात दोन दशकांपूर्वीच थांबले. आजची लस दंडात दिली जाते, चार किंवा पाच वेळा, आणि तिचा त्रास नगण्य असतो. दुसरे कारण म्हणजे ‘उद्या सकाळी विमान आहे, घरी गेल्यावर बघू’ ही वृत्ती. ती जिवावर बेतू शकते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचत नाही. त्यामुळे जे काही करायचे, ते लक्षणे दिसण्यापूर्वीच आणि जितक्या लवकर करता येईल तितके चांगले.

पहिली पायरी कोणत्याही हॉटेलात करता येते. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून मोजल्यास कळते, की पंधरा मिनिटे म्हणजे बराच वेळ असतो. बहुतेक जण दोन मिनिटांत थांबतात. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर लस. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा जखमेला वा डोळ्या-तोंडाला प्राण्याची लाळ लागली असेल, तर लसीबरोबर ‘इम्युनोग्लोब्युलिन’ नावाचे तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेच्या भोवती टोचावे लागते. लसीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्यास काही दिवस घेते. तेवढ्या काळाची राखण हे औषध करते. अडचण अशी, की ते महाग असते आणि लहान बेटांवर, डोंगराळ गावांत ते मिळेलच याचा भरवसा नसतो. तसे झाल्यास लसीचा पहिला डोस तेथेच घेऊन, सात दिवसांच्या आत मोठ्या शहरात किंवा थेट मायदेशी येऊन हे औषध घेता येते. उरलेले डोस मुंबई-पुण्यातील महापालिका रुग्णालयांतही पूर्ण करता येतात. त्यासाठी लसीचे नाव आणि तारीख लिहिलेला कागद तेथील डॉक्टरांकडून मागून घ्यावा.

बँकॉकमध्ये असताना असा प्रसंग आल्यास प्रवासी सुदैवी म्हणावा लागेल. थाई रेड क्रॉसची राणी सावोवभा स्मृती संस्था याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पर्यटक तेथे जातात ते साप पाहायला. पण तिचा उगम रेबीजमध्ये आहे. १९११ मध्ये सयामचे मंत्री राजपुत्र दामरोंग यांची मुलगी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने दगावली. त्या दुःखातून तेथे लसनिर्मितीची संस्था उभी राहिली. कातडीत अल्प प्रमाणात लस टोचण्याची, त्यामुळे कमी खर्चाची ठरलेली पद्धत थाई रेड क्रॉसच्या नावानेच ओळखली जाते, आणि भारतातील सरकारी रुग्णालयांतही तीच वापरली जाते.

महिनाभर भटकंती करणाऱ्यांनी, लहान मुलांसह जाणाऱ्यांनी आणि दुर्गम भागांत पदभ्रमण करणाऱ्यांनी ही लस आधीच घेतलेली उत्तम. मुले चावा किंवा ओरखडा घरी सांगतीलच असे नसते. आधी एका आठवड्याच्या अंतराने दोन डोस घेतले असतील, तर चावा बसल्यावर पुन्हा लस घ्यावी लागते, पण दुर्मीळ इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. आणि माकडाबरोबर छायाचित्र काढण्याचा मोह आवरला, तर यातले बरेचसे टळते.

चाव्यापेक्षाही अधिक माणसे ज्यात सापडतात, तो धोका मात्र भाड्याने मिळतो. फुकेत, पटाया, बाली, दा नांग, कोठेही समुद्राकाठच्या गल्लीत स्कूटर भाड्याने देणाऱ्यांच्या टपऱ्या ओळीने उभ्या असतात. परवाना विचारला जातोच असे नाही. आपल्याकडे रोज दुचाकी चालवणाऱ्या तरुणाला त्यात वावगे वाटत नाही. पुण्याची वाहतूक ज्याने पचवली, त्याला बालीचे काय भय, असा हिशेब असतो. पण थायलंडमधील रस्ते-अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण आशियात सर्वाधिक असणाऱ्या देशांत गणले जाते, आणि मृतांपैकी बहुतांश दुचाकीवरचे असतात. अनोळखी वळणे, पावसाने भिजलेली वाळू, पायात चप्पल, अंगात अर्धी चड्डी आणि डोक्याला काही नाही, अशा स्थितीत साधी घसरगुंडीही कातडी सोलून काढते. तापलेल्या सायलेन्सरने पोटरीवर उमटणाऱ्या डागाला तर परदेशी पर्यटकांत ‘थाई टॅटू’ असे विनोदी नावच पडले आहे. दमट हवेत ती भाजलेली जखम चिघळते आणि समुद्रस्नानाची सहल हॉटेलच्या खोलीत संपते.

यात आणखी एक गुंता आहे. थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, जपान, श्रीलंका आणि नेपाळ येथे वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, फिलिपिन्स, म्यानमार, चीन आणि आखाती देशांत ती उजवीकडून चालतात. वाहन न चालवणाऱ्यालाही याचा फटका बसतो. रस्ता ओलांडताना लहानपणापासून मान आधी उजवीकडे वळते, आणि तेथे गाडी येते डावीकडून.

परवान्याचा प्रश्न वाटतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. भारतातील प्रादेशिक परिवहन कार्यालय जो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देते, तो १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतो. थायलंडमध्ये तो चालतो. मात्र त्यात दुचाकीच्या रकान्यावर शिक्का असला पाहिजे. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा सदस्य असल्याने भारतीय प्रवाशाचा हा परवाना तेथे ग्राह्य धरला जात नाही. पोलिसांचा दंड ही त्यातील लहान बाब. मोठी बाब विम्याची आहे. वैध परवाना नसणे, शिरस्त्राण नसणे किंवा चालकाने मद्य घेतलेले असणे, यांपैकी एक कारणही दावा नाकारण्यास पुरेसे असते. पाय मोडलेला प्रवासी खासगी रुग्णालयात पोहोचतो, तेथे शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीची हमी किंवा अनामत रक्कम मागितली जाते, आणि नेमक्या त्या वेळी दूरध्वनीवरून कळते, की ही घटना विम्यात बसत नाही. मग पुण्यात किंवा नाशकात आईवडील रात्रीत लाखो रुपये उभे करण्याच्या धावपळीला लागतात.

प्रवासविमा हा व्हिसासाठी किंवा तिकिटाबरोबर आपोआप मिळणारा कागद नव्हे. तो वाचण्यास अर्धा तास काढावा. पाहायचे ते एवढेच, की त्यातून काय वगळले आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आधीचे आजार त्यात धरले आहेत का? अनेक स्वस्त योजनांत ते धरलेले नसतात, आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यासाठी तर तेच मुख्य असते. हे आजार अर्जात लपवू नयेत. लपवल्याचे उघड झाले, तर सगळाच विमा बाद ठरतो. पॅरासेलिंग, डायव्हिंग, उंच पहाडांतील पदभ्रमण यांना वेगळी भर द्यावी लागते का? गंभीर रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च किती मर्यादेपर्यंत मिळतो? विमा कंपनीचा आपत्कालीन क्रमांक मोबाइलबरोबर कागदावरही असावा. अपघातात मोबाइलही फुटतो. स्कूटरवाल्याकडे पासपोर्ट तारण ठेवू नये, हेही ओघाने आलेच.

समुद्राबाबत कोकणच्या किनाऱ्याचा अनुभव उपयोगी पडावा, पण पडत नाही. थायलंडचा पश्चिम किनारा, म्हणजे फुकेत आणि क्राबी, आपल्यासारख्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तडाख्यात येतो. मे ते ऑक्टोबरपर्यंत तेथे लाटा मोठ्या असतात आणि किनाऱ्यालगत आत खेचणारे प्रवाह तयार होतात. नेमका हाच स्वस्त सहलींचा काळ. लाल निशाण लावलेले असता पाण्यात उतरू नये. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा आटापिटा करू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाहेर पडावे आणि मग वळावे. याच फुकेतजवळ ५ जुलै २०१८ रोजी वादळी समुद्रात पर्यटकांची बोट उलटून ४७ चिनी प्रवासी बुडाले. जुलै २०२५ मध्ये व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात अचानक आलेल्या वादळाने बोट उलटली आणि पस्तीसहून अधिक जण दगावले. जीवरक्षक जाकीट अंगात घालून बसावे. बसण्याच्या बाकाखाली ते आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. सामुई, फांगन या पूर्वेकडील बेटांच्या पाण्यात विषारी पेटी-जेलीफिश आढळतात, म्हणून काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला अडकवलेल्या दिसतात. दंश झाल्यास जागा चोळू नये, भरपूर व्हिनेगर ओतावे आणि मदतीला हाक मारावी.

रात्रीच्या करमणुकीविषयी थोडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधील वांग विएंग या तरुण पर्यटकांच्या आवडत्या गावी मिथेनॉल मिसळलेले मद्य पिऊन सहा परदेशी पर्यटक मृत्युमुखी पडले. मुंबईकरांना हे विष अपरिचित नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉलला वेगळा वास नसतो, चवही फारशी नसते. ते पोटात गेल्यावर प्रारंभी नेहमीची नशा वाटते आणि खरी लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसतात. डोकेदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुके. त्याला लोक रात्रीची उतरण समजून झोपून राहतात. दृष्टी अंधुक झाली, की वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. यावर उतारा आहे, पण त्याला उशीर चालत नाही. फुकट मिळणारे पेले, बादलीतून दिली जाणारी मिश्रणे आणि सील नसलेली बाटली यांपासून दूर राहणे, हा एवढाच उपाय प्रवाशाच्या हाती आहे.

घरून नेलेली औषधेही अडचणीत आणू शकतात, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसते. आपल्या घरातील डब्यात असणारे कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी संयुक्त अरब अमिरातींत नियंत्रित औषधांत मोडते. पूर्वपरवानगी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती नेल्यास अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकते. जपानमध्ये सर्दीवरील स्युडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेली औषधे नेण्यास बंदी आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली सर्वसाधारण औषधेही महिनाभर पुरतील एवढीच विनापरवाना नेता येतात. दुबईला जाणाऱ्यांनी खसखशीचाही विचार करावा. अफूच्या झाडाचे बी म्हणून अमिरातींत तिच्यावर बंदी आहे. दिवाळीत लेकीकडे नेण्यासाठी बांधलेल्या डब्यातील अनारसे, करंज्यांचे सारण आणि काही घरचे मसाले, या साऱ्यांत ती असते. सासूबाईंनी प्रेमाने थापलेल्या अनारशाचा खुलासा सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे करत बसण्यापेक्षा त्या वर्षी चकल्या अधिक न्याव्यात.

नेहमीची औषधे मूळ पाकिटांत, औषधाच्या मूळ रासायनिक नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. सामानात टाकलेली बॅग हरवते आणि इन्सुलिन विमानाच्या पोटातील थंडीत गोठून निकामी होऊ शकते. बँकॉक आपल्यापुढे दीड तास, सिंगापूर व बाली अडीच तास आणि टोकियो साडेतीन तास आहे. इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवाव्यात, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर थायलंडमध्ये, चियांग माईच्या परिसरात, शेते आणि रान जाळल्याने धुराचा पडदा पसरतो. दमेकऱ्यांनी तो काळ टाळलेला बरा.

उत्तरेकडे, नेपाळ आणि तिबेटच्या वाटेवर, प्रश्न अगदी निराळा आहे. कैलास-मानसरोवराची ओढ महाराष्ट्रात मोठी, आणि जाणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच. सरकारी यात्रेत दिल्लीला वैद्यकीय तपासणी होते, वजन-उंचीच्या प्रमाणाची अट असते, वयाची मर्यादा असते, आणि लिपुलेखच्या मार्गावर गुंजी येथे पुन्हा तपासणी होते. तीत अपात्र ठरलेला यात्रेकरू रडतो, भांडतो, आणि पुढच्या वर्षी नेपाळमार्गे खासगी कंपनीबरोबर जातो. तेथे चाळणी इतकी बारीक नसते. तराईतील नेपाळगंज समुद्रसपाटीहून जेमतेम दीडशे मीटरवर. तेथून विमानाने सिमीकोट, पुढे हेलिकॉप्टरने साडेतीन हजार मीटरवरील हिल्सा, मग मोटारीने तिबेटात, आणि ४,५९० मीटरवर मानसरोवर. ही चढण पायी केली असती तर आठवडे लागले असते. यंत्रे ती दोन-तीन दिवसांत उरकतात. शरीराला मात्र विरळ हवेशी जुळवून घेण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. परिक्रमेतील डोल्मा खिंड तर साडेपाच हजार मीटरच्याही वर आहे.

‘मी दर रविवारी सिंहगड चढतो’ हे येथे कामाचे नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. उंचीचा त्रास सुरू होतो तो साधारणपणे अडीच हजारांच्या पुढे. तो व्यायामाने टळत नाही आणि तरुणांनाही सोडत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे, भूक मरणे ही त्याची पहिली चिन्हे. ती असताना आणखी वर जायचे नाही, हा पहिला नियम. आराम करूनही बसल्या जागी धाप लागू लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला, चालताना झोक जाऊ लागला किंवा बोलण्यात विसंगती आली, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागले आहे असे समजून त्याच वेळी, रात्र असली तरी, खाली उतरावे. प्राणवायूचा सिलिंडर आणि औषधे ही उतरण्याची सोय करतात. उतरण्याला पर्याय ठरत नाहीत. तीन हजार मीटरच्या पुढे रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. अ‍ॅसिटाझोलामाइड या गोळीचा प्रतिबंधक उपयोग होतो, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. त्रास लपवणे हा या यात्रेतील सर्वांत मोठा दोष आहे. कैलासाच्या पायथ्याशी आल्यावर ‘माझ्यामुळे सगळ्यांची परिक्रमा नको अडायला’ असे म्हणून गप्प राहिलेली मावशी रात्री तंबूत अत्यवस्थ होते. कार्यक्रमपत्रिकेत विश्रांतीचे दिवस आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. जी कंपनी सर्वांत कमी दिवसांत यात्रा घडवते, तिच्यापासून सावध राहावे.

मैदानी आणि किनारी प्रदेशात मात्र डासांचे राज्य आहे. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि तो सिंगापूरसारख्या लखलखीत शहरातही आहे. त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. सकाळ-संध्याकाळ अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम हवे. ज्याला एकदा डेंगी होऊन गेला आहे, त्याला दुसऱ्या प्रकारच्या विषाणूने होणारा डेंगी अधिक घातक ठरू शकतो, आणि मुंबई-पुण्यात असे लोक घरोघर आहेत. ताप आल्यास पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक गोळी घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिवतापाबाबत चित्र उलटे आहे. श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त घोषित झाली. तेथे जाणाऱ्या भारतीयाला हिवतापाची भीती नाही. भीती वाटते ती श्रीलंकेला, की हा पाहुणा तो बरोबर घेऊन येईल.

एवढे करूनही अनर्थ घडलाच, तर थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५, सिंगापूरमध्ये ९९५, व्हिएतनाममध्ये ११५ हे क्रमांक लावावेत. श्रीलंकेतील १९९० ही रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्याच मदतीने सुरू झाली. भारतीय दूतावास नातेवाइकांना कळवतो, पासपोर्ट हरवल्यास तातडीची प्रवासी कागदपत्रे देतो, मृत्यू झाल्यास पार्थिव पाठवण्याच्या कागदपत्रांत मदत करतो. रुग्णालयाचे बिल भरणे मात्र त्याचे काम नाही. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे. तो हलाखीत असलेल्यांसाठी आहे, विमा न काढलेल्या पर्यटकासाठी नव्हे.

परतल्यावर फराळाचे रिकामे डबे धुतले जातात आणि छायाचित्रे नातेवाइकांना पाठवली जातात. त्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांसमोर पहिले वाक्य ‘ताप आला’ हे नसावे. ‘अमुक देशात, अमुक तारखांना होतो’ हे असावे. पावसाळ्यात दवाखान्यात रोज पन्नास तापकरी येतात. त्यांतल्या एकाची तपासणी वेगळी करायची आहे, हे त्या डॉक्टरला दुसरे कोण सांगणार? आणि हिवताप असलेल्या भागात राहून आल्यास ही माहिती काही महिन्यांनंतरच्या तापालाही लागू पडते.